गिऱ्हाइकाकडे पाठ करून

विसरलेले पासवर्ड काढून देतो, असं मी लग्न ठरवताना सांगितलं असतं तर सासऱ्यांनी मुलगी दिली नसती. नशीब, तेव्हा मी रेडिओ दुरुस्त करत होतो. रेडिओ दिसतो, वाजतो. पासवर्ड दिसत नाही, वाजत नाही, आणि सापडला की गिऱ्हाईक म्हणतं, "हात्तिच्या, हा तर मला माहीत होता!" वर आपल्याकडे असं बघतं, जसा काही आपणच तो इतके दिवस दडवून ठेवला होता.

माझं शिक्षण सातवी. आठवीत बसलो होतो, टिकलो नाही. ह्या दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलं तेव्हा मी म्हणालो, शुद्धलेखन तुमचं, बाकीचं माझं. ते कबूल झाले म्हणून हे लिहितोय.

आमचं दुकान बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, एका जिन्याखाली. वरून कुणी धाडधाड उतरलं की आमच्या ट्यूबलाइटला हुडहुडी भरायची. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले. ते गेले, टीव्ही आले. मग कॉम्प्युटर. मी कुठला कोर्स केला नाही. जे उघडता येतं ते मला कळतं, एवढंच.

आता धंदा काय तो सांगतो. हल्ली तुमची पत्रं फोनवर येतात आणि कुठेतरी लांब ठेवलेली असतात. पण ऑफिसांत, दवाखान्यांत, छापखान्यांत अजून टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मेलचा वेगळा प्रोग्रॅम असतो. तो पोस्टमनसारखा जाऊन पत्रं आणतो आणि त्याच मशिनच्या पोटात ठेवतो. पहिल्या दिवशी तो पासवर्ड विचारतो, आणि खाली एक बारका चौकोन असतो, की लक्षात ठेवू का? माणूस म्हणतो, ठेव बाबा. झालं. त्या दिवसापासून मशीन लक्षात ठेवतं आणि माणूस विसरतो. आठ-दहा वर्षं कुणाचं काही अडत नाही. मग मशीन म्हातारं होतं, नवं येतं, नव्यासमोर नारळबिरळ फोडला जातो, आणि सगळं ऑफिस एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतं. जुन्या मशिनवर पासवर्डाच्या जागी नुसते काळे ठिपके. पासवर्ड त्या ठिपक्यांच्या मागेच उभा असतो, अंतरपाटामागे नवरी असते तसा. आमचं काम अंतरपाट बाजूला धरायचं. त्याला छोटे प्रोग्रॅम मिळतात. दहा मिनिटांत काम होतं, पण गिऱ्हाइकाला अर्धा तास सांगायचा, नाहीतर त्याला किंमत वाटत नाही.

हे झालं साध्या कुलपाचं. काही मेलच्या प्रोग्रॅमना पक्कं कुलूप लावता येतं. तिथं पासवर्ड मशिनमध्ये कुठेच नसतो, फक्त मालकाच्या डोक्यात असतो. तिथं माझं काही चालत नाही. तो माणसाच्या डोक्यातूनच बाहेर काढावा लागतो, आणि ते काम माझं नव्हतंच. ते शकुंतलाचं. शकुंतला म्हणजे माझी बायको.

ती दहावी पास. दुकानात पुढच्या स्टुलावर बसायची. तिला इंग्रजी वाचता यायचं, मला नुसती अक्षरं ओळखता येतात, तीही चित्रासारखी. हे पोट असलेलं, हे शेपूट असलेलं. सुरुवातीला पासवर्ड दिसला की मी तो कागदाच्या चिठोऱ्यावर जसाच्या तसा काढायचो, घडी घालून मालकाच्या हातात द्यायचो. शब्द काय झाला ते मला कळायचं नाही. लोकांना याचा फार भरवसा वाटायचा. एक प्रोफेसर होते, ते चिठ्ठी घेऊन म्हणाले, "तुम्ही बघितलात ना हा? आता विसरा."

मी म्हटलं, "साहेब, मला इंग्रजी येत नाही."

"अक्षरं तर येतात!"

"येतात. पण तुम्ही स्वतःचा पासवर्ड विसरून माझ्याकडे आलात. मी दुसऱ्याचा कशाला लक्षात ठेवू?"

शकुंतला तोंडाला पदर लावून जिन्याकडे बघत बसली. प्रोफेसर नंतरही येत राहिले, तेव्हा राग धरला नसावा.

तिची पद्धत अशी. गिऱ्हाइकाला मशिनजवळ जाऊच द्यायची नाही. चहा मागवायची आणि भलतंच विचारत बसायची. मसाल्याच्या व्यापारातले एक गृहस्थ पक्क्या कुलपाची फाईल घेऊन आले होते. तिनं विचारलं, "हे पहिल्यांदा उघडलंत तेव्हा घरात काय चाललं होतं?"

"घरात? घरात काय चालणार! धाकटीची बारावी."

"मग हो?"

"मग काय, कटकट. पहाटे चारला उठायची, मला उठवायची. मी तिला दूध गरम करून द्यायचो."

"तुम्ही द्यायचात? आणि वहिनी?"

"ही माहेरी होती ना त्या वर्षी. सासूबाईंचं ऑपरेशन..." आणि ते कप हातात धरून थांबले. म्हणाले, "अहो, थांबा थांबा." उठून मशिनकडे गेले, पहिल्या फटक्यात उघडलं. कप तसाच हातात.

ती म्हणायची, माणसं पासवर्ड विसरत नाहीत, ज्या दिवसांत तो ठेवला ते दिवस विसरतात. दिवस परत आणून दिले की झालं. मी तिला म्हणायचो, तुला चौकशा करायची खोड आहे, त्याला तू कारण शोधलंयस. तेही खरंच होतं.

आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगून टाकतो. त्या चिठ्ठ्यांच्याच काळात एका शिकवणीवर्गाचा कॉम्प्युटर घेऊन एक माणूस आला. म्हणाला, वर्ग माझाच. मी ठिपके काढून चिठ्ठी दिली. आठवड्यानं एक बाई आली. वर्ग तिचा होता, हा नुसता भागीदार. तिच्या नावानं तिच्या मुलांच्या पालकांना काय काय पत्रं गेली होती. ती दुकानासमोर उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. "तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं," एवढंच म्हणाली आणि गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर शकुंतलानं दोन नियम केले. मशीन कुणाचंही असो, ज्याच्या नावाची पत्रं तो माणूस समोर पाहिजे. आणि पासवर्ड पडद्यावर आला, किंवा कुणी टाइप करायला लागलं, की मी खुर्ची फिरवून पाठ करून बसायचं. चिठोरीबिठोरी बंद. मालकानं स्वतः बघावं, स्वतः लिहून घ्यावं.

एकदा एक सुटाबुटातला माणूस आला. बायकोचा मेल उघडून द्या म्हणाला.

शकुंतला म्हणाली, "त्यांना घेऊन या."

"अहो, बायको आहे माझी!"

"मग आणायला कितीसा वेळ लागतोय?"

तो बरंच बोलला. कायदा बोलला, ओळखी सांगितल्या. ती वायरी गुंडाळत बसली. तो गेल्यावर मला म्हणाली, "ह्याला आधी घरी बोलायला शिकवा कुणीतरी."

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. ससूनच्या बाकावर मी पंचवीस दिवस काढले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिता येत नाही म्हणून नव्हे, लिहून कमी होत नाही म्हणून. येरवड्याच्या घरात एका माणसाचा स्वयंपाक शिकलो. भात अजून दोघांचा होतो.

चार महिने दुकान बंद ठेवलं, मग उघडलं. घरात बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा दुकानात बसून गिऱ्हाइकाशी वाद घातलेला बरा. पण मी फक्त ठिपक्यांची कामं घ्यायचो. पक्कं कुलूप आलं की सांगायचो, होत नाही. कारण होत नव्हतंच. मी कुणाला विचारलं, "घरात काय चाललं होतं?" तर तो म्हणायचा, "तुम्हाला काय करायचंय?" तेच शब्द, तोच स्टूल. पण मला कुणी उत्तर देईना.

गेल्या वर्षी सुमनताई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नारायण पेठेतल्या, छत्रीच्या दांड्यानं पायरी चाचपत आल्या. त्यांचे यजमान, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहीत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुळवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या माणसांचं पुस्तक. कोण कुणाचा मुलगा, कुठून कुठे गेला, लग्न कुणाशी, पोरं किती. आमच्यात असली पुस्तकं नसतात. मला आजोबांच्या पलीकडचं नाव माहीत नाही.

नाना हे काम बारा वर्षं करत होते. गावोगावच्या, परदेशातल्या माणसांना मेल लिहायचे, उत्तरं यायची ती मेलच्या प्रोग्रॅममध्ये घराण्याच्या शाखेप्रमाणे लावून ठेवायचे. आणि त्याला पक्कं कुलूप. कारण माणसं त्यांना वाटेल ते लिहायची. हा मुलगा खरा दत्तक आहे, त्याला माहीत नाही. ही बाई पळून गेली म्हणतात ती पळाली नव्हती, हाकलली होती. नाना सगळं वाचायचे, छापायचं तेवढं निवडायचे. मशिनला पासवर्ड लक्षात ठेव असं त्यांनी कधी सांगितलं नाही. रोज सकाळी स्वतः टाइप करायचे.

मग नानांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं. बोलायला गेले की एकच आवाज निघतो.

सुमनताई म्हणाल्या, "रविवारी घराण्याच्या मंडळाची मीटिंग आहे. नवी मुलं म्हणतायत, ते सगळं सोडा, सगळ्यांना फोनवर फॉर्म पाठवू, महिन्यात माहिती गोळा होईल. अहो, ज्यांनी ह्यांना लिहिलं त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. त्यांना कुठे फॉर्म पाठवणार? हे सगळं पुतण्या ह्यांच्यासमोरच बोलला. ह्यांना बोलता येत नाही म्हणून लोकांना वाटतं ऐकूही येत नाही. परवापासून हे जेवत नाहीयेत. पेज दिली तर तोंड फिरवतात."

मी म्हटलं, "ताई, पक्कं कुलूप असेल तर माझ्याच्यानं होत नाही."

त्या म्हणाल्या, "पासवर्ड मला माहीत आहे."

"मग?"

"लागत नाही. ह्यांनी मला मागेच सांगितला होता, एकच मराठी शब्द आहे. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केला, मराठीत केला, सगळं करून बघितलं. चुकीचा म्हणतं."

मी म्हटलं, "शब्द काय आहे?"

सुमनताई छत्रीकडे बघायला लागल्या. "तो मी सांगणार नाही. घरातला शब्द आहे."

मला बरं वाटलं. नियम पाळणारं गिऱ्हाईक फार वर्षांनी भेटलं. पिशवी उचलली आणि गेलो.

तिसरा मजला. नाना खिडकीपाशी खुर्चीत. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. पुतण्या मंदार लॅपटॉप घेऊन बसला होता, चाळिशीचा, आयटीतला. मला बघून म्हणाला, "काका, मी दोन वीक प्रोग्रॅम रन करून ठेवलाय, लाखो कॉम्बिनेशन्स ट्राय केलीत. तुमचं काय टेक्निक आहे?"

मी म्हटलं, "माझं टेक्निक चहा."

त्यानं विचारलं, "तुम्ही कुठून शिकलात हे?"

"बुधवारातून. तिथं कॅम्पस नाही, जिना आहे."

मशीन बघितलं. पक्कंच कुलूप, ठिपके नाहीत, काही नाही. चहा घेतला. शकुंतला असती तर नानांना विचारत बसली असती, पण नाना बोलणार कसे? म्हणून मी सुमनताईंना विचारायला लागलो. नाना सकाळी काय करायचे? आंघोळ, देवपूजा, मग कॉम्प्युटर. पासवर्ड टाइप करताना काही बघून टाइप करायचे का? डायरीबियरी?

"छे हो. खिडकीबाहेर बघत करायचे. कबुतरांना हुसकत करायचे. बटणांकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं. सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते ना, उभा जन्म."

मी म्हटलं, "कीबोर्ड त्यांच्या मांडीवर द्या."

मंदार म्हणाला, "काका, त्यांचा राइट हँड..."

"दिसतंय मला. द्या."

दिला. मी सवयीनं पाठ करून बसलो. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, ते बघत होतो. मागे आवाज आला. टक टक. मग शांत. टक. मग शांत. टक. मग मशिनचा नकाराचा आवाज. चुकीचा. परत केलं. टक टक, शांत, टक, शांत, टक. नकार. तिसऱ्यांदा तेच. नाना घशातून ओरडले आणि कीबोर्डवर हात आपटला.

मंदार हळूच म्हणाला, "काका, प्लीज. त्यांना त्रास होतोय. रँडम कीज दाबतायत ते."

मी कॅलेंडरकडे बघतच विचारलं, "रँडम असतं तर तिन्ही वेळा सारखंच कसं वाजलं?"



माझी खात्री झाली. टायपिस्टाला प्रत्येक बोटाची अक्षरं ठरलेली. डाव्याची डाव्याला, उजव्याची उजव्याला. डावा हात आपली अक्षरं दाबत होता आणि उजव्याची पाळी आली की थांबत होता. मी म्हटलं, "ते चुकत नाहीयेत. दुसऱ्या हाताची वाट बघतायत."

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती छापखान्यांच्या कामामुळे. जुने मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे. टायपिस्ट जुन्या मराठी मशिनच्या, म्हणजे टाइपरायटरच्या, सवयीनं बटण दाबतो, कॉम्प्युटरला आत इंग्रजी अक्षरच मिळतं, वर मुखवटा मराठी दिसतो. पासवर्डाच्या चौकोनात मुखवटा नसतोच, नुसते ठिपके. म्हणजे नाना मनात मराठी शब्द म्हणत बारा वर्षं कॉम्प्युटरला भलतीच इंग्रजी अक्षरं देत होते. त्यांना दिसलं नाही, कॉम्प्युटरचं काही बिघडलं नाही. हा घोटाळा करायला मराठी टायपिस्टच लागतो. हे मी सांगितलं तेव्हा मंदारनं लॅपटॉप मिटला. "च्यायला," म्हणाला. एवढं शुद्ध मराठी तो तेव्हाच बोलला.

आता प्रश्न उजव्या हाताचा. शब्द सुमनताईंना माहीत, पण मराठी मशिनवर कुठलं अक्षर कुठे ते त्यांना माहीत नाही. नानांचा उजवा हात गेला तसं त्या हाताचं शहाणपणही त्याच्याबरोबर गेलेलं. त्यांना डाव्या हातानं उजवीकडचं अक्षर दाखवा म्हटलं तर नुसते बघत राहिले.

मी शनिवार पेठेतल्या एका टायपिंग क्लासमध्ये गेलो. आता तिथं सगळे कॉम्प्युटर, पण भिंतीवर मराठी मशिनच्या बटणांचा जुना तक्ता अजून आहे. मालक पेपर वाचत होते. मी म्हटलं, "ह्याची झेरॉक्स मिळेल का?"

ते म्हणाले, "तक्ता काचेत आहे."

"काढता येणार नाही?"

"येईल की. पण इतक्या वर्षांत कुणी मागितला नाही, त्यामुळे काढायची सवय नाही." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्या वयात शिकताय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, स्टुलावर चढून तक्ता स्वतः काढला, धूळ पुसली. झेरॉक्स देताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा. डाव्या हाताचं वरचं अक्षर असेल तर शिफ्टचं बटण उजव्या हातानं दाबतात. हे विसरूनच मुलं नापास होतात."

शुक्रवारची संध्याकाळ सुमनताईंनी तक्ता पाठ करण्यात घालवली. शनिवारी सकाळी मी गेलो तर कणकेच्या परातीशेजारी झेरॉक्स, आणि कागदाला पिठाची बोटं. तक्ता बघून सगळा शब्द त्यांनी एकट्यानंही दाबला असता, पण नाना कीबोर्ड सोडायला तयार नव्हते, म्हणून दोघं शेजारी शेजारी बसले. नाना डावीकडे, त्या उजवीकडे, कीबोर्ड दोघांच्या मध्ये उशीवर. मंदारला मी म्हटलं, तूही पाठ कर. त्यानं केली. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

टक टक. मग बराच वेळ काही नाही. नाना घशातून काहीतरी.

"अहो, थांबा ना, शोधू तर द्या मला!"

टक. मग डावीकडून टक. मग परत शोधाशोध. नकार.

दुसऱ्यांदा त्यांनी घाई केली, नानांच्या आधीच बटण दाबलं. नाना चिडले. "मला काय चिडताय? जन्मभर एकट्यानं टाइप केलंत, मला शिकवलंत कधी?" नकार.

मी भिंतीकडे बघूनच म्हटलं, "ताई, शिफ्ट. त्यांचं अक्षर वरचं असेल तर शिफ्ट तुम्ही दाबायचं."

"अगं बाई, हो की."

मग तिसऱ्यांदा. मी इतकी वर्षं पाठ करून बसलो, पण असं कान देऊन कधी बसलो नव्हतो. टक टक, टक, टक, टक टक, टक. मध्ये कुठे खाच नाही. एकाच माणसाचे दोन हात चालावेत तसं. मग नकाराचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. बराच वेळ. मंदारनं माझं मनगट धरलं होतं.

"वळा," सुमनताई म्हणाल्या.

पडद्यावर खालपर्यंत पत्रं. नानांचे डोळे वरून खाली, वरून खाली. मंदारनं माउसकडे हात नेला तर नानांनी डाव्या हातानं त्याच्या हातावर फटका मारला. चांगला जोरात. मंदार हसला आणि मग तोंड फिरवून गॅलरीत गेला. सुमनताई म्हणाल्या, "आता तरी जेवाल?" नानांनी पडद्याकडे बोट केलं, मग तोंडाकडे. म्हणजे दोन्ही, एकाच वेळी. ताईंनी तिथंच भरवलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये मंदारच उभा राहिला आणि फॉर्म पाठवायचं काम नको म्हणाला. पुस्तक ह्या वर्षी छापून झालं. बाकी राहिलेली पानं त्या दोघांनी तशीच टाइप केली, डावा हात ह्यांचा, उजवा त्यांचा, रोज सकाळी दोन तास. भांडणं पुष्कळ व्हायची म्हणे.

मी त्या दिवशी जिना उतरताना मनात हिशेब मांडला, की हे काम कुणी केलं? मी तर नुसत्या चहा घेत चौकशा केल्या होत्या. पहिल्यांदा मला कुणी तोंडावर विचारलं नाही, की तुम्हाला काय करायचंय. दुकानात आता पक्की कुलपंही घेतो. सगळी उघडत नाहीत. शकुंतलाची तरी सगळी कुठे उघडायची!

मध्यंतरी नानांच्या कीबोर्डची दोन बटणं घट्ट झाली म्हणून गेलो होतो. काम झालं. निघालो तर नानांनी बाही धरली. बसा. कॉम्प्युटरवर एक कोरं पान उघडलं, कुळवृत्तांतात असतात तसे रकाने असलेलं. माझ्याकडे बोट केलं.

सुमनताई म्हणाल्या, "तुमचं लिहायचं म्हणतायत."

मी म्हटलं, "अहो, मी तुमच्या घराण्यातला नाही."

"त्यांना चालतं. एकदा सवय लागली की समोर आलेल्या माणसाला सोडत नाहीत."

मग मी सांगत गेलो. वडील, आजोबा, तिथं संपलं. मग पत्नी. शकुंतला. माहेरचं गाव, तिच्या वडिलांचं नाव, आईचं नाव. तिच्या आईच्या माहेरचं विचारलं, ते मला येईना. तिला विचारायचं राहिलं, आणि आता विचारायला कुणी नाही. जन्म. मग मृत्यूचा रकाना. तीन वर्षांत मला कुणी तारीख विचारली नव्हती. सांगितली. दोघांनी टाइप केली, टक टक, न बोलता.

पुढचा रकाना व्यवसाय. सुमनताईंनी बोट उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "गृहिणी लिहू ना?"

मी म्हटलं, "नको. दुकानदार लिहा. आणि माझ्या नावापुढे लिहा, तिच्या दुकानात कामाला."